डबा तोच, इंजिन नवं!

कॉम्प्युटर ऑन करायचा, गॅसवर चहा ठेवायचा, चहा उकळून, गाळून, अर्धा पिऊन परत यायचं... आणि स्क्रीनवर अजून तेच गोलगोल फिरणारे ठिपके. २०२५च्या जूनमधली माझी प्रत्येक सकाळ अशीच जायची.

नोकरी सुटली की ऑफिसचा लॅपटॉपही सुटतो, हे थिअरीत आपल्याला माहीत असतंच. फ्रीलान्स डिझायनिंग करायचं ठरवलं तेव्हा माझ्या हातात एक पेन ड्राइव्ह होता आणि बजेट होतं दहा हजार. मग काय, डोंबिवली-दादर-ग्रँट रोड आणि थेट लॅमिंग्टन रोड! (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण तसं विचारून बघा, लोक तुमच्याच तोंडाकडे बघतील.) नऊ हजारांत रीफर्बिश्ड डेस्कटॉप मिळाला. कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला, चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. ‘एकदम नव्यासारखा, मॅडम!’ नव्यासारखी होती ती फक्त पुसलेली पेटी.

‘अगं, हा दळण दळतोय का?’ आईनं पहिल्याच दिवशी विचारलं. मी हसले. चुकलं माझं.

कारण आवाज खरंच हार्ड डिस्कचा होता. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं, तर समोर पिवळा ‘कॉशन’ आणि वापर झालेला ३१,००० तास. म्हणजे साडेतीन वर्षं रात्रंदिवस! आणि मी शहाणीनं काय केलं होतं? तीन वर्षांचा पोर्टफोलिओ त्यावर टाकून पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला होता. बॅकअप शून्य. सोमवारी एका क्लायंटला काम दाखवायचं होतं. पोटात गोळाच आला.

हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला ७,२०० फेरे मारणारी तबकडी. एकेक फाइल शोधायला तिचं हेड इकडून तिकडे पळतं, एका शोधाला दहा-बारा मिलिसेकंद. विंडोज सुरू होताना असे हजारो शोध होतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, शोध साधारण एक दशांश मिलिसेकंदात खल्लास. थोडक्यात, माझा प्रोसेसर म्हातारा नव्हता, बिचारा वाट बघत बसला होता.

दोन हजारांच्या आत २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी आणली. जास्त वेगवान एनव्हीएमई का नाही? कारण इतक्या जुन्या बोर्डांवर बहुतेक वेळा तिच्यासाठी स्लॉटच नसतो, आणि असला तरी त्यावरून बूट होईलच असं नाही. वायर कमी पडली तर डीव्हीडी ड्राइव्हची काढून घ्यायची, कोण बघतं हल्ली सीडी? फक्त ती वायर बोर्डावर कुठे जाते ते बघा. काही बोर्डांवर ते पोर्ट अर्ध्या वेगाचं असतं. एसएसडी हार्ड डिस्कच्या पोर्टला लावलेली बरी.

सगळे सांगतात, क्लोन कर. मरणाऱ्या डिस्कवर हा फंडा चालत नाही, खराब सेक्टर आला की गाडी तिथेच अडते. म्हणून आधी फक्त कामाच्या फाइल्स मोठ्या पेन ड्राइव्हवर घेतल्या. शनिवारी रात्री साडेनऊला सुरू केलेलं कॉपी रविवारी पहाटे संपलं. मध्ये दोनदा तो निळा पट्टा एकाच जागी पाऊण तास ठाण मांडून बसला होता. मग विंडोज नव्यानं टाकलं. लायसन्स मदरबोर्डला बांधलेलं असल्यानं ते आपोआप ॲक्टिव्हेट झालं. एसएसडी बसवायला ब्रॅकेट नव्हता, सरळ डबल टेपनं चिकटवली. हलणारे भाग नाहीत, चालतं.

बावीस सेकंद! डेस्कटॉप हजर. आई स्वयंपाकघरातून धावत आली, ‘बंद पडला का गं? आवाज नाही येत.’

विंडोज १०चा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि ११ला हा प्रोसेसर चालत नाही, म्हणून आता त्यावर लिनक्स मिंट आहे. माझं नेहमीचं डिझाइनचं सॉफ्टवेअर मात्र त्यावर येत नाही, इंकस्केप शिकतेय, अधूनमधून शिव्या घालत.

सोमवारचं काम वेळेत गेलं. पोर्टफोलिओतल्या अकरा फाइल्स मात्र उघडल्याच नाहीत. त्यात माझा पहिला पैसे मिळालेला लोगो होता, कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्राचा. परवा तिकडे जाऊन त्यांच्या बोर्डाचा फोटो काढून आणला.