मूळ रंग कोणता?

गिरणीच्या रंगखात्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना कच्चा रंग आणि पक्का रंग यांतला भेद सांगावा लागत नाही. चित्रपटालाही तोच भेद लागू आहे, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. पडद्यावरचा रंग कॅमेऱ्याने टिपला आणि तसाच्या तसा आला, असे आपण समजतो. वस्तुतः तो कोणीतरी ठरविलेला असतो. फिल्मच्या जमान्यात प्रयोगशाळेत निगेटिव्हवरून प्रत छापताना तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश तिच्यातून सोडीत, आणि प्रत्येकाची तीव्रता १ ते ५० अशा अंकांनी मोजीत. सकाळी घेतलेले दृश्य आणि दुपारी घेतलेले दृश्य एकाच प्रसंगात शेजारी यावयाचे, तर दोहोंचे अंक निराळे धरून मेळ घालावा लागे. हे काम करणाऱ्या माणसाचे नाव भिंतीवरच्या जाहिरातीत कधी आले नाही. या विषयाकडे माझे लक्ष गेले ते त्याच्यामुळे.

उदाहरण घेऊ जॉर्ज ल्यूकस यांच्या 'स्टार वॉर्स' या अमेरिकन चित्रपटाचे. तो २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झाला आणि त्यातील दृश्यचमत्कारांना ऑस्कर मिळाले. १९९७ साली ल्यूकस यांनी त्यात फेरफार केले. कित्येक जुने चमत्कार काढून संगणकावर तयार केलेले नवे घातले. २००४ सालच्या डीव्हीडीत रंगही बदलले. एका प्रसंगात निळसर प्रकाशाची तलवार हिरवट दिसू लागली, तांबडी होती ती गुलाबी झाली. मूळ आवृत्ती २००६ साली जोडीला दिली खरी, पण ती जुन्या लेझरडिस्कसाठी केलेल्या धूसर प्रतीवरून. गंमत अशी की, याच ल्यूकस यांनी १९८८ साली अमेरिकन काँग्रेसपुढे साक्ष देऊन चित्रपटांत मागाहून फेरफार करण्यास विरोध केला होता. निर्मात्याचा हक्क मी मानतो. पण ज्या हातांना ऑस्कर मिळाले त्यांचे काम झाकून टाकण्याचा हक्क त्यात येतो काय?

काही हौशी मंडळींनी या प्रश्नाला स्वतःच्या हाताने उत्तर द्यावयाचे ठरविले. 'टीम निगेटिव्ह वन' नावाच्या गटाने १९७७ सालच्या, चित्रपटगृहात चालविलेल्या ३५ मिलिमीटरच्या प्रती मिळविल्या, संगणकावर उतरविल्या आणि २०१८ साली '४के७७' नावाने आपले काम पुढे ठेवले. सेकंदाला २४ चित्रे, लांबी १२१ मिनिटे. म्हणजे सुमारे पावणेदोन लाख चित्रे. त्यांवरची धूळ आणि ओरखडे काढावयाचे. पण खरी अडचण धुळीची नव्हे, रंगाची.

त्या काळच्या बहुतेक प्रती ईस्टमन पद्धतीच्या. त्यांतले आकाशी रंगद्रव्य काळाने विरते आणि उरते ते गुलाबी चित्र. असली प्रत पाहून कोणी म्हणेल की चित्रपट मुळातच गुलाबी होता! थोडेफार द्रव्य उरले असेल तर संगणक ते उठावदार करतो. जेथे ते साफ गेले आहे तेथे त्याचाही इलाज चालत नाही. टेक्निकलरची रीत वेगळी होती. जिलेटिनचे तीन ठसे करून एक आकाशी, एक किरमिजी, एक पिवळ्या रंगात भिजवीत आणि कोऱ्या फिल्मवर एकामागून एक दाबीत; लाकडी ठशांनी कापड छापतात तद्वत्. हा रंग पक्का. हॉलीवूडमधला हा कारखाना १९७७ पूर्वीच बंद पडला होता, पण इंग्लंडमधला चालू होता, म्हणून या चित्रपटाच्या काही प्रती तशा निघाल्या. '४के७७'चा बहुतेक भाग अशाच एका टेक्निकलर प्रतीवरून घेतलेला आहे.

तरीही एका प्रतीच्या साक्षीवर निकाल देता येत नाही. प्रत्येक प्रतीचा आपला कल असतो, कुठे हिरवट, कुठे पिवळट. त्यातून एका चित्रगृहात कार्बनची ज्योत, दुसऱ्यात झेनॉनचा दिवा. दोन्हींचा पांढरा प्रकाश सारखा नव्हे. दोन गावच्या प्रेक्षकांनी तेव्हाच दोन रंग पाहिले असणार. मग हौशी माणूस म्हणतो, "मी लहानपणी पाहिला तेव्हा असा होता." कामगारांच्या तंट्यात मी आठवणींच्या साक्षी पुष्कळ ऐकल्या आहेत, माणूस प्रामाणिक असतो, पण हजेरीपट दुसरेच सांगतो. येथे हजेरीपट म्हणजे फिल्म. म्हणून शहाणे लोक अनेक प्रती शेजारी ठेवतात, दिव्याचा पांढरा आधी निश्चित करतात, आणि एकेका दृश्यात माणसाच्या चेहऱ्याचा आणि ट्युनिशियातल्या वाळूचा रंग ताडून पाहतात. डोळ्याला गोड लागेल तसा रंग चढविणे सोपे. पण मग ल्यूकस यांनी केले त्याहून वेगळे काय केले?

कायद्याने हा चित्रपट त्यांचा नव्हे. परवानगी नाही, मोबदला नाही. ज्याने विकत घेतलेली प्रत घरी ठेवली आहे त्यानेच आमची पाहावी, असे यातले पुष्कळजण बजावतात. जून २०२५ मध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने आपल्या थंड कोठारात जपलेली १९७७ सालची टेक्निकलर प्रत यंत्रावर चढवून लोकांना दाखविली. त्या रात्री पडद्यावर उमटले ते अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी ठशांनी दाबलेले रंग.