विटाळाचं भय आणि लक्ष्मीबाई

भीती शिकवावी लागत नाही, असं म्हणतात. विंचू, अंधार, पूर यांच्याबाबत ते खरं असेल. पण माणसाला माणसाची जी भीती वाटते, ती घरात रीतसर शिकवली जाते. अशी शिकवलेली भीती आणि ती पुढे कशी सुटत गेली, याची मराठीतली सर्वांत प्रांजळ हकिगत लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवली आहे. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या त्या पत्नी. ख्रिस्ती श्रद्धेनं माणसाला धीर कसा मिळतो, असं कुणी विचारलं की मला आधी त्याच आठवतात. मी मुसलमान, कविता मराठीत लिहितो. ख्रिस्ती धर्मावर अधिकारवाणीनं बोलणं माझं काम नव्हे. पण मराठी वाचक म्हणून हे पुस्तक माझंही आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या आईच्या वडिलांना सत्तावन्नच्या बंडानंतर फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेडच लागलं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, अगदी धान्यसुद्धा. कुणाची सावली, कुणाचा स्पर्श, सगळ्याचा धसका. त्यात बायकामुलांचे जे हाल झाले ते लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात, आणि ते हसणं वाचून पोटात कालवतं. मला वाटतं, भय असंच वाट बदलतं. फासाबद्दल उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून ते भय घरातल्या घागरीत उतरलं.

2020 साली ही पानं मी पुन्हा काढून वाचली. तेव्हा आपण सगळेच दुधाच्या पिशव्या धूत होतो, वर्तमानपत्राला हात लावायला घाबरत होतो. ते रोगापायी होतं, समजण्यासारखं होतं. पण आमच्या भागात भाजीच्या हातगाडीवाल्याला आधी नाव विचारायचं आणि मग भाजी घ्यायची की नाही ते ठरवायचं, असंही काही दिवस चाललं. रोगाचं भय माणसाच्या नावावर जाऊन बसायला फार वेळ लागत नाही. जलालपूरचं ते घर मला तेव्हा फार लांबचं वाटलं नाही.

टिळकांची गोष्ट वेगळी. ते स्वभावानं निर्भय, खरं तर बेफिकीर. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थानं त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचून ते हलले. रानातली फुलं आणि आभाळातली पाखरं उद्याची काळजी करत नाहीत, हा त्यातला दाखला फुलामुलांच्या कवीला भिडला नसता तरच नवल. फेब्रुवारी 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

त्यांचं अभय ते लक्ष्मीबाईंचं महाभय झालं. नवरा जिवंत, पण घर गेलेलं. पदरी लहान मुलगा. पुढे काय, या प्रश्नाला उत्तर नाही. पंढरपुरात नातेवाइकांच्या आश्रयानं दिवस काढताना दुःखाच्या भरात त्या कविता करू लागल्या. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई. हिला अक्षरओळख टिळकांनीच करून दिली होती.

पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात चमत्कार नाही. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे आल्या, पण स्वतःचं सोवळं घेऊनच. स्वयंपाक निराळा, पाणी निराळं. एका छपराखाली दोन चुली. टिळकांनी सक्ती केली नाही, वाट पाहिली. मग एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात आपणहून विचारांची रांग लागली. देवानं माणूस केला, मग या जाती कुणी केल्या? उत्तर मिळालं तसं त्यांनी टिळकांना सांगून टाकलं, की यापुढे मी कुणाच्याही हातचं खाईन, पिईन. बाप्तिस्मा त्यानंतरचा, नवऱ्याच्या बाप्तिस्म्याला सुमारे पाच वर्षं झाल्यावरचा. हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे. आधी हात मोकळा झाला, मग श्रद्धेला नाव मिळालं. धर्मांतराच्या वादात दोन्ही बाजूंचे वक्ते हा क्रम विसरतात.

ख्रिस्ती श्रद्धेनं त्यांना काय दिलं? संकट येणार नाही अशी हमी तर दिली नाही. शुभवर्तमानांत देवदूत येतो तेव्हा बहुतेक वेळा आधी ‘भिऊ नका’ असा दिलासा देतो आणि मगच पुढचं अवघड काम सांगतो. आमच्या कुराणातही अल्लाहच्या मित्रांना ना भय ना शोक, असा आशय आहे. आणि तेही संकटांतूनच गेलेले लोक. टिळकांना तर हे सगळं वारकऱ्यांच्या बोलीतच उमगलं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांनी ख्रिस्ताला अभंगांत आळवलं. ज्या नगर जिल्ह्यात ते राहिले, त्याच जिल्ह्यात श्रीगोंद्याला शेख महंमदांनी विठ्ठलभक्ती गायली होती. या मातीत देवाला हाक मारायची भाषा कुणा एकाच्या मालकीची कधी नव्हती.

या श्रद्धेचा कस प्लेगात लागला. 1896 साली मुंबईत आलेला प्लेग पुढे गावोगाव पसरला. लोक घरं सोडून शिवारात झोपड्या घालून राहू लागले. काखेत गाठ आली की सख्खे दूर होत. नगरला साथ आली तेव्हा लक्ष्मीबाई आजाऱ्यांच्या शुश्रूषेला उतरल्या. जिच्या माहेरी धान्याचाही विटाळ होई, ती बाई आता परक्यांच्या अंथरुणाशी बसत होती. मला भीती वाटलीच नाही, असा आव त्या आणत नाहीत. भित्रेपणाची फजिती सांगायला तर त्यांना मनापासून आवडतं. भय होतंच, पण हात आता त्याची परवानगी मागत नव्हते. पुढे त्यांच्या घरात परक्यांची मुलं कायम असायची. कोण कुठल्या जातीचं, हे विचारायची सवयच राहिली नव्हती.

टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला बिनभरवशाचा संसार मांडला. 9 मे 1919 रोजी ते गेले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या आणि हातात पैसा नव्हता. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य थोडेच अध्याय होऊन अडलेलं होतं. मागे राहिलेल्या या बाईनं ते पुढे लिहायला घेतलं आणि साठाहून अधिक अध्याय रचले. 1936 मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा शेवट तेवढा राहिला होता. तो त्यांच्या मुलानं, देवदत्तांनी पुरा केला.