टीव्हीचा पसारा आवरू या



आजच्या गप्पांचा विषय आमच्याच गटातल्या एका घरातून आला. मोरिवलीत आमची एक ताई औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळीने कामाला जाते. मुलगा कॉलेजात, नवरा कामावर, दिवसभर घरी सासूबाई एकट्या. त्यांच्या घरात टीव्ही एक आणि रिमोट तीन. एक टीव्हीचा, एक छत्रीच्या बॉक्सचा आणि एक मुलाने आणलेल्या इंटरनेटच्या स्टिकचा. एका दुपारी आजींच्या हातून कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि पडदा निळा झाला. आजींनी ते चार दिवस कोणालाही सांगितलं नाही. ताई एक दिवस लवकर घरी आली, तर आजी निळ्या पडद्यासमोर बसून तांदूळ निवडत होत्या. "सांगितलं का नाहीत?" तर म्हणाल्या, "तुम्हाला वाटेल, म्हातारीने टीव्ही मोडला."

ही गोष्ट गटाच्या बैठकीत निघाली आणि एकेकीने आपल्या घरचं सांगायला सुरुवात केली. कुणाचा रिचार्ज संपला की घर आठवडाभर गप्प. कुणाच्या खात्यातून दर महिन्याला पैसे कापले जातात, पण कशाचे ते ठाऊक नाही. मग आम्ही ठरवलं, एकेका घरचा हा पसारा बसून आवरायचा. त्यातून जे शिकलो तेच आज सांगतोय.

आधी वही काढा

बाजारात जायच्या आधी आपण यादी करतो, तसंच इथेही करायचं. एक आठवडा घरातलं कोण काय बघतं ते वहीत लिहा. आजींचं कीर्तन, मुलांचा अभ्यास, आपली रात्रीची मालिका, घरच्या पुरुषांच्या बातम्या आणि क्रिकेट. शेजारी लिहा, त्यासाठी महिन्याला किती पैसे जातात. आम्ही लिहिलं तेव्हा कळलं की शंभर-दीडशे वाहिन्यांचे पैसे भरणारं घर खरं तर सात-आठच वाहिन्या बघतं. आणि एका घरात तीच मालिका छत्रीवरही पैसे देऊन घेतली होती आणि मोबाइलच्या अ‍ॅपवरही. एकाच भाजीचे दोनदा पैसे!

फुकटची छत्री

आपल्यातल्या मोठ्यांना आठवत असेल, मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. कौलावर अँटेना लावला की चित्र दिसायचं, महिन्याचा रिचार्ज नावाची गोष्टच नव्हती. तशीच सोय आजही आहे, फक्त अँटेनाच्या जागी छत्री आली. प्रसार भारतीने डिसेंबर 2004 मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' ही सेवा सुरू केली, तीच आज 'डीडी फ्री डिश' म्हणून ओळखली जाते. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, पुढे महिन्याचं काहीही भरायचं नाही. सगळा खर्च साधारण हजार ते दोन हजारांच्या घरात जातो. दोन दुकानांत विचारून घ्या.

त्यावर काय दिसतं? डीडी सह्याद्री, डीडी न्यूज, शेतीसाठी डीडी किसान, शाळेच्या मुलांसाठी पीएम ई-विद्याच्या वाहिन्या, शिवाय काही खासगी वाहिन्या. आकाशवाणीसुद्धा ऐकू येते. काय दिसत नाही, तेही आधीच सांगतो. मोठ्या खासगी वाहिन्यांवरच्या ताज्या मराठी मालिका बहुतेक इथे मिळत नाहीत, कारण त्या वाहिन्या पैसे घेऊन दाखवल्या जातात. घरच्यांना हे आधी सांगा, नाहीतर छत्री लागल्यावर भांडण!

बॉक्स घेताना 'एमपेग-4' असं लिहिलेला घ्या. जुना 'एमपेग-2' बॉक्स स्वस्तात मिळेल, पण त्यावर वाहिन्या कमी दिसतात. आणि कधी एखादी वाहिनी गायब झाली तर बॉक्स बिघडला असं समजू नका. खासगी वाहिन्यांना इथे जागा लिलावाने मिळते. त्यामुळे काही जातात, काही नव्या येतात. बॉक्सच्या मेनूत जाऊन वाहिन्या पुन्हा शोधायला लावा, नवी यादी तयार होते.

छत्री एकाच बाजूला का बघते?

हा प्रश्न आमच्या मुलींनी विचारला. फ्री डिशचं चित्र जीसॅट-15 या आपल्या उपग्रहावरून येतं. तो साधारण 36 हजार किलोमीटर उंचावर आहे आणि पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला तो आकाशात एका जागी थांबल्यासारखा असतो. आपल्याकडून तो आग्नेयेला, म्हणजे पूर्व आणि दक्षिण यांच्या मधल्या कोपऱ्याकडे, बराच वर येतो. त्या बाजूला आंब्याची फांदी किंवा नवी इमारत आडवी आली की चित्र जातं. माकडाने, वाऱ्याने छत्री थोडी हलवली तरी जातं.

पावसाळ्यात जोराची सर आली की चित्र तुटतं, कारण दाट पावसात उपग्रहाचे संकेत क्षीण होतात. सर ओसरली की ते आपोआप परत येतं. अशा वेळी ओल्या पत्र्यावर कोणालाही चढू देऊ नका. विजा चमकत असतील तर टीव्ही आणि बॉक्सचे प्लग काढा आणि छत्रीची वायरही बॉक्सपासून सोडवा. पण हे विजा सुरू होण्याआधी, आभाळ भरून आलं की करायचं.

पैशाच्या वाहिन्या निवडून घ्या

फ्री डिशवर भागत नसेल तर केबल किंवा पैशाची छत्री ठेवा, पण निवडून. ट्राय म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण. त्यांच्या नियमांमुळे 2019 पासून ग्राहकाला हवी ती वाहिनी सुटी घेता येते आणि प्रत्येक वाहिनीचं कमाल मूल्य जाहीर करावं लागतं. "पॅकच घ्यावं लागेल," असं कोणी म्हणालं तर ठामपणे सांगा, "आम्हाला एवढ्याच द्या." मात्र बेरीज करून बघा. कधी कधी चार सुट्या वाहिन्यांपेक्षा लहान पॅक स्वस्त पडतं.

इंटरनेटवरचं बघणं

स्मार्ट टीव्ही असेल, किंवा साध्या टीव्हीला स्टिक लावली असेल, तर मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून इंटरनेटवरचे कार्यक्रम बघता येतात. फुकटातही बरंच आहे. यूट्यूब आहे, आणि प्रसार भारतीने नोव्हेंबर 2024 मध्ये 'वेव्हज' नावाचं अ‍ॅप आणलंय, त्यात दूरदर्शनचे कार्यक्रम मिळतात.

फुकट कार्यक्रमालाही डाटा लागतोच. साध्या चित्राला तासाला साधारण अर्धा ते एक जीबी जातो. एचडी लावलं तर दीड ते तीन जीबी. म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये साधं चित्र दोन तास दिसेल, आणि एचडीत तासाभरातच डाटा संपेल. सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा कमी ठेवा. लहान पडद्यावर फरक फारसा कळत नाही.

पैशाचं अ‍ॅप घेतलंच, तर एका वेळी एकच घ्या. आणि हे नीट लक्षात ठेवा: मोबाइलवरून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबत नाही. आपण ज्या यूपीआय अ‍ॅपने पैसे भरतो त्यात 'ऑटोपे' नावाची जागा असते. तिथे कोणकोणाला परवानगी दिली आहे ते दिसतं, आणि ती तिथूनच रद्द करता येते. आणि "तुमचा टीव्ही बंद होणार आहे, ओटीपी सांगा," असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजा आणि ठेवून द्या.

रातपाळीवालीसाठी रेकॉर्डिंग

आमच्या ताईची मालिका नेहमी चुकायची. बऱ्याच बॉक्सना मागे पेन ड्राइव्ह लावायची जागा असते. मेनूत वाहिनी, वेळ आणि कालावधी भरला की बॉक्स स्वतः रेकॉर्ड करतो, टीव्ही बंद असला तरी. बॉक्सचा भिंतीवरचा स्विच मात्र चालू ठेवायचा. वीज गेली तर तेवढा भाग गेला. तासाभराच्या साध्या चित्राला साधारण एक ते दोन जीबी जागा लागते, म्हणून 32 जीबीचा पेन ड्राइव्ह घरी पुष्कळ होतो. बघून झालं की पुसून टाका.

दोन अडचणी आधीच सांगतो. पुष्कळ बॉक्स एका वेळी एकच वाहिनी पकडतात, म्हणून रेकॉर्डिंग चालू असताना दुसरी बघता येत नाही. आणि काही बॉक्सचं रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर चालतं, शेजारच्या घरी नाही. विकत घेताना दुकानातच रेकॉर्ड करून दाखवायला सांगा.

हिशोब आणि एक ठिपका

आता ताईच्या घरचा हिशोब. आधी छत्रीचे 300, एका अ‍ॅपचे 149 आणि दुसऱ्याचे 199, मिळून महिन्याला 648 रुपये. वर्षाचे 7,776. त्यांनी पैशाची छत्री आणि एक अ‍ॅप बंद केलं, फ्री डिशसाठी एकदाच 1,500 घातले आणि 149 चं अ‍ॅप ठेवलं. त्या अ‍ॅपचे वर्षाला 1,788 होतात. पहिल्या वर्षी 4,488 रुपये वाचले, पुढे दर वर्षी 5,988 वाचतील. हे पैसे ताईने गटातल्या स्वतःच्या बचतीत टाकायला सुरुवात केली आहे, घरखर्चात नाही.

आणि आजी? स्टिकचा रिमोट मुलाच्या कपाटात गेला. टीव्ही आणि बॉक्स एकाच फळीवरच्या बटणाने सुरू होतात. टीव्हीच्या रिमोटवर फक्त दोन बटणं उघडी ठेवून बाकीवर चिकटपट्टी लावली: चालू-बंद आणि 'सोर्स'. पडदा निळा झाला तर 'सोर्स' दाबायचं आणि बॉक्सचं नाव येईपर्यंत थांबायचं. बॉक्सच्या रिमोटवर आवाज आणि वाहिनीच्या बटणांना ताईने लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले. सह्याद्रीचा आकडा मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावला. मग आजींकडूनच तीनदा टीव्ही बिघडवून घेतला आणि तीनदा त्यांच्याच हाताने दुरुस्त करून घेतला. आता पडदा निळा झाला तर त्या कोणाची वाट बघत नाहीत. गेल्या आठवड्यात शेजारणीचा टीव्ही त्यांनीच सुरू करून दिला.

मैत्रिणींनो, या आठवड्यात वही काढा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा सहज विचारा, "टीव्ही तुमचा तुम्हाला लावता येतो ना?" पुढच्या बैठकीत तुमचे हिशोब ऐकू. नमस्कार.