भाड्याच्या बंगल्याशेजारी घर घेताना

लोणावळा, अलिबाग किंवा उत्तर गोव्यात राहण्यासाठी घर पाहताना शेजारचा बंगला पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिला जातो का, हे आधी तपासावे. घर बहुधा मधल्या वारी, सकाळी दाखवले जाते; तेव्हा तो बंगला रिकामा असतो. खरी स्थिती शनिवारी रात्री किंवा जोडून आलेल्या सुट्ट्यांत कळते. स्विमिंग पूल कोणत्या बाजूला आहे, हे विशेष महत्त्वाचे. तो झोपण्याच्या खोलीकडच्या कुंपणालगत असेल तर गाणी, आरडाओरडा आणि पंपाची घरघर थेट खिडकीत येते. पलीकडे असेल तर मधली इमारतच बराच आवाज अडवते. गाड्या कुठे लागतात आणि विहीर सामाईक आहे का, हेही विचारावे.

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. रात्रीची वेळ 10 ते सकाळी 6. तक्रारीसाठी 112 वर फोन करता येतो. पण पाहुणे दर आठवड्याला नवे, त्यामुळे एकाला दिलेली समज पुढच्याला लागू पडत नाही. म्हणूनच आवारात राहणारा, फोन उचलणारा केअरटेकर नियमांइतकाच मोलाचा. गोव्यात अशा घरांना पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, तीही पाहावी. मालक परगावी आणि केअरटेकर नाही, अशा बंगल्याशेजारी कायम राहण्यासाठी घर घेऊ नये.