पहिल्या पॅचची सोबत

नोकरीतल्या पहिल्या अप्रेझलचा कागद मी अजून जपून ठेवला आहे. माझ्या वर्षभराच्या कामाबद्दल त्यावर एकच ओळ आहे : 'मेहनती आहे, आत्मविश्वास वाढवायला हवा.' माझ्याबरोबरच रुजू झालेल्या मुलाला मात्र सांगितलं गेलं होतं, की तुझ्या क्वेरी संथ चालतात, इंडेक्सिंग शिकून घे, सहा महिन्यांत पेमेंटचं मॉड्यूल तुझ्याकडे देऊ. तो शिकला आणि मॉड्यूल त्याच्याकडे गेलं. आत्मविश्वास कुठून शिकायचा, हे मला कुणी सांगितलं नाही.

हे माझ्या एकटीचं दुखणं नाही, हे कळायला बरीच वर्षं गेली. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या शेली कॉरेल आणि कॅरोलिन सिमार्ड यांनी अप्रेझलची भाषाच तपासली आणि २०१६ साली निष्कर्ष मांडले. स्त्रियांच्या वाट्याला मोघम शेरे जास्त येत होते. तू नेमकं काय केलंस, त्यानं कंपनीचं काय साधलं आणि आता काय शिकायचं, हे पुरुषांना अधिक स्पष्टपणे सांगितलं जात होतं. मोघम कौतुक ऐकायला गोड असतं, पण बढतीच्या बैठकीत ते कुणाच्याच कामी येत नाही. २०१९च्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत दिसलं, की व्यवस्थापनाच्या पहिल्या पायरीवर १०० पुरुष पोचतात तेव्हा स्त्रिया ७२च पोचतात. म्हणजे तूट अगदी खालीच पडते आणि वरच्या प्रत्येक पायरीवर तिचा हिशेब चुकवावा लागतो.

आपल्याकडे शिक्षणाचा दरवाजा बऱ्यापैकी उघडला आहे. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. पुण्यात कर्वेनगरला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेनं १९९१ साली मुलींसाठी कमिन्स कॉलेज काढलं, तिथून दरवर्षी मुली हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांत जातात. पण त्यानंतरची दोन वर्षं त्यांच्यासोबत कोण असतं?

या प्रश्नाचं मला सर्वांत पटलेलं उत्तर मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातून आलं. २००६ साली गुगलच्या उन्हाळी उपक्रमात 'नोम' या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाकडे १८१ अर्ज आले. त्यांत एकही स्त्री नव्हती. मग नोमनं फक्त स्त्रियांसाठी वेगळी योजना जाहीर केली, तेव्हा सुमारे १०० जणींचे अर्ज आले. मुली होत्याच, 'हे तुमच्यासाठीही आहे' असं कुणी म्हटलं नव्हतं, एवढंच. २०१० साली रेड हॅट कंपनीतल्या मरीना झुराखिन्स्काया यांनी ही योजना पुन्हा उभी केली. पुढे तिचं नाव 'आउटरीची' झालं आणि स्त्रियांबरोबर इतर वंचित गटांसाठीही ती खुली झाली. मरीना २०२२ साली गेल्या. त्यांनी घालून दिलेली पद्धत चालू आहे, आणि ती बारकाईनं पाहण्यासारखी आहे.

तिथं निवड नुसत्या गुणपत्रिकेवर होत नाही. अर्जदारानं आधी प्रकल्पात खरं काम करून दाखवायचं असतं, आणि त्या काळातही मार्गदर्शक प्रश्नांना उत्तरं द्यायला हजर असतो. निवड झाली की सुमारे तीन महिने घरबसल्या काम, त्याचं मानधन आणि नेमून दिलेला मार्गदर्शक. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, २०१३ साली या योजनेत आला. तिथली सुरुवात मला फार आवडते : 'स्टेजिंग' विभागातल्या एखाद्या कच्च्या ड्रायव्हरमधला छोटासा दोष दुरुस्त करायचा आणि तो बदल, म्हणजे पॅच, ई-मेलनं पाठवायचा. एका पॅचमध्ये एकच बदल. बदल का केला, ते वर लिहायचं. चूक निघाली की सुधारून 'आवृत्ती २' असं लिहून परत पाठवायचं. आवृत्ती ४ झाली तरी कुणाला नवल वाटत नाही, अनुभवी माणसांचेही पॅच असेच परत येतात. नव्या मुलीला हे दिसतं, तेव्हा चूक म्हणजे आपली लायकी नव्हे, हे तिला उपदेशाशिवाय कळतं.

कंपन्यांतल्या 'मेंटरिंग'मध्ये मला नेमकी याचीच उणीव दिसते. महिन्यातून एकदा कॉफी, चार धीराचे शब्द, महिलादिनी भाषण. त्यात कोड कुठेच नसतो. उलट मुलींच्या अंगावर भलतीच कामं पडतात : बैठकीची टिपणं, नव्या लोकांची ओळख, दोन टीममधले समज-गैरसमज मिटवणं. तान्या रायली या अभियंतीनं अशा कामांना 'ग्लू', म्हणजे सांधणारं काम, म्हटलं आहे. ते केल्याशिवाय प्रकल्प तडीस जात नाही, पण त्यावर बढतीही मिळत नाही.

हा मुलींचा स्वभावच, असं मला अनेकांनी सांगितलं आहे. अर्थतज्ज्ञ लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी प्रयोग करून पाहिला. मिश्र गटात बिनफायद्याचं काम पत्करायला स्त्रिया पुरुषांपेक्षा ४८ टक्के अधिक वेळा पुढे आल्या. गटात फक्त पुरुष ठेवले, तर ते फक्त स्त्रियांच्या गटाइतकेच पुढे आले. स्त्रिया समोर असल्या की त्याच करतील, अशी सगळ्यांची अपेक्षा असते, त्यांची स्वतःचीही. म्हणून चांगल्या टीम लीडनं हे काम पाळीपाळीनं वाटावं. कोण तयार आहे, असं विचारूच नये.

मला अशी लीड तिसऱ्या वर्षी मिळाली. प्रॉडक्शन बंद पडलं त्या रात्री तिनं खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "लॉग तू वाच, मी ऐकते." कीबोर्डला तिनं हात लावला नाही. पहाटे दोष सापडला. सकाळच्या मोठ्या बैठकीत मी नव्हते, पण दोष कुणी आणि कसा शोधला, हे तिनं तिथं माझ्या नावानिशी सांगितलं. महिन्याभरात दोष निघालेलं ते मॉड्यूल माझ्याकडे आलं.

सध्या माझ्याकडे एक फ्रेशर आहे. काल तिनं पॅच पाठवला. मी लिहिलं : 'चाचण्या नीट आहेत. ओळ ४२ : एरर आल्यावर लॉक सुटत नाही, तो मार्ग पुन्हा तपास. हे झालं की पुढच्या आठवड्यात रिलीज तू कर.' रात्री साडेअकराला तिचं उत्तर आलं, आवृत्ती २. ओळ ४२ तिनं सुधारली होती, आणि तोच दोष माझ्या जुन्या कोडमध्येही सापडल्याचं खाली लिहिलं होतं.