फड जुळतो कसा, फुटतो कसा

ढोलकी-फडाच्या तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात गावोगावच्या जत्रा आटोपल्या की संपतो. पुढच्या सालाची जुळवाजुळव त्याआधीच चालू झालेली असते. ढोलकीवाला, सोंगाड्या, गाणारी-नाचणारी यांना फडमालक उचल देतो; ती फिटेपर्यंत कलावंत त्या फडाशी बांधलेला. म्हणून सातारा-सांगलीकडच्या जत्रेत पाटीवर नाव तेच असले, तरी मागची माणसे बऱ्याचदा नवी असतात.

माणूस बदलला की खेळ बदलतो, कारण तमाशात बरेचसे लिहून ठेवलेले नसते. वगाचे कथानक ठरलेले, पण संवाद रंगमंचावरच फुलतात. बतावणीतला सोंगाड्या गेला की त्याच्याबरोबर त्याच्या कोट्या जातात आणि त्याच्यासमोर बोलणाऱ्या सरदाराला नव्या माणसाची लय ओळखावी लागते. गायिका बदलली की पट्टी बदलते. काळी चारमध्ये गाणारीच्या जागी काळी पाचमध्ये गाणारी आली, तर ढोलकी तेवढी चढवून लावावी लागते. ढोलकीवाल्याची नजर सतत नाचणारीच्या पावलांवर असते. ती तोडा कुठे संपवणार हे त्याला आधी कळावे लागते, तरच थाप आणि पाऊल एकदम पडते. ही जोडी जमायला निम्मा हंगाम जातो. मालक बदलला तरी फड तग धरतो. मुरलेला ढोलकीवाला गेला की खेळाचा कणाच मोडतो.

फड पैशापायी फुटतात असे सर्रास म्हणतात. ते खरे आहे, पण पुरते नाही. रात्र एकच असते. रंगबाजीत लावण्या लांबल्या की वगाला वेळ उरत नाही, आणि वग लवकर लावला तर गाणारीचा फर्मायशीचा वेळ जातो. फड कोणाच्या बळावर चालतो, हा वाद तिथून पेटतो.

पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्या फडाइतका हा वाद ठळक दुसरीकडे दिसत नाही. बापूरावांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी; त्यांचा जन्म 1866 साली वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 साली त्याचे नाव सांगली पडले. कुलकर्णीपण सोडून ब्राह्मणाचा मुलगा तमाशात गेला, महार समाजातल्या पवळेबरोबर बोर्डावर उभा राहिला आणि समाजाचा रोष त्याने ओढवून घेतला. लावणी त्यांची, गळा आणि पाऊल पवळेचे. लोक दोघांसाठी येत होते, म्हणूनच श्रेय वाटून घेणे अवघड होते. पुढे दोघांचे बिनसले आणि जोडी फुटली. शेवटच्या कडव्यात गुंफलेल्या नाममुद्रेमुळे कवीचे नाव फडाफडांतून गाजत राहिले; पवळेची अदा टिपून ठेवणारे असे काही साधन नव्हते. तरी त्या नावाचा बापूरावांच्या पोटाला उपयोग झाला नाही. 1945 साली पुण्यात हलाखीत त्यांचा शेवट झाला.

वाळव्यातल्याच वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांचा तमाशाशी मतभेद आशयाचा होता. नात्यातल्या बापू साठे यांच्या फडात ते वावरले होते. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, गवळण वगळली, गणात देवाऐवजी मातृभूमीला वंदन आणले. ढोलकी, सोंगाड्या आणि वग मात्र ठेवले, कारण कामगार श्रोता त्यावरच बसत होता.

मिरज तालुक्यातल्या कवलापूरच्या खाडे घराण्याची रीत निराळी. तमाशा घरातच पिढ्यान्‌पिढ्या होता. लहू आणि अंकुश हे जुळे भाऊ ‘जहरी प्याला’ वगात काळू-बाळू हवालदार झाले आणि तेच नाव फडाला लागले. एकसारख्या चेहऱ्यांवर उभा असलेला हा विनोद उचल देऊन दुसऱ्या फडाला पळवता येत नव्हता. ढोलकीवाले आणि नाचणाऱ्या येत-जात राहिल्या तरी मधली जोडी जागची हलली नाही. मात्र अशा फडाची अडचणही तिथेच असते: भावांच्या जागी उभे करायला तसेच दुसरे दोन चेहरे मिळत नाहीत, आणि पुढच्या पिढीला नाव चालवायचे तर खेळ नव्याने बसवावा लागतो.