रखडणारा संगणक लगेच भंगारात काढू नका

दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप रखडायला लागला, की ‘आता याचं वय झालं’ म्हणून तो भंगारात निघतो. पण पंख्यात धूळ साचून तापत नसेल, तर प्रोसेसर पहिल्या दिवसाइतक्याच वेगाने चालत असतो. वाढलेलं असतं ते त्याच्यावरचं काम. संगणक अडकला की टास्क मॅनेजर उघडून पाहा. बहुतेकदा प्रोसेसर जवळजवळ रिकामा असतो आणि डिस्कचा आकडा 100 टक्क्यांवर चिकटलेला असतो. आजच्या ब्राउझरचा पसारा 4 जीबी रॅममध्ये मावत नाही. मग ऑपरेटिंग सिस्टीम रॅममधला काही मजकूर हार्ड डिस्कवर ठेवते आणि लागेल तसा परत आणते. या ने-आणीतच वेळ जातो. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यासाठी सुमारे 8.3 मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा समोर यायला सरासरी त्याच्या निम्मा वेळ जातो, शिवाय वाचणारा दांडा सरकायला आणखी काही मिलिसेकंद. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. ती हेच काम साधारण 0.1 मिलिसेकंदात करते. रॅम तर तिच्याहूनही शेकडो पटींनी चपळ. म्हणून जुन्या यंत्रावर खर्च करायचाच, तर तो या दोन जागी करावा.

मात्र रॅम घेण्याआधी मदरबोर्डचं मॉडेल पाहायलाच हवं. डीडीआर3 आणि डीडीआर4 पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि जोर लावला तर स्लॉट तुटतो. विंडोज 32-बिट असेल, तर 4 जीबीच्या पुढची रॅम घरगुती आवृत्तीत वायाच जाते.

यावरचा खरा आक्षेप पैशांचा नाही, सुरक्षेचा आहे. विंडोज 10चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11ला टीपीएम 2.0 व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. रॅम वाढवून ही अट पुरी होत नाही, हे मान्यच करायला हवं. पण पत्रव्यवहार, हिशेब, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल, तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली अशा यंत्रावर उत्तम चालते, आणि तिला सुरक्षा-अपडेटही मिळतात. व्हिडिओ संपादन करणाऱ्याने मात्र नवाच संगणक घ्यावा. जगात 2022 साली 6.2 कोटी टन ई-कचरा निर्माण झाला, त्यातल्या जेमतेम 22.3 टक्क्यांचं रीतसर संकलन आणि पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. चालू स्थितीतलं यंत्र त्या ढिगात टाकणं मला पटत नाही. दोन्ही वस्तू एकदम परवडत नसतील, आणि रॅम सतत तुडुंब भरलेली दिसत नसेल, तर आधी साटा एसएसडी घ्या. पुढे संगणक बदलला तरी ती बहुतेक नव्या डेस्कटॉपमध्ये जोडता येते. आणि काहीही उघडण्याआधी जुन्या डिस्कवरचे फोटो व कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या.